चौक काढत नाहीत, लिहितात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत डहाणू तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या लग्नाची बातमी फोटोसह आली. फोटो सुरेख होता. आतली काळोखी खोली, गेरूने सारवलेली कुडाची भिंत, तिच्यावर तांदळाच्या पिठाचा पांढराशुभ्र चौक, म्हणजे वारल्यांच्या लग्नातली देवीची चौकोनी आकृती, आणि पुढ्यात उकिडव्या बसलेल्या तीन बायका. वार्ताहर सहसा अंगणातला तारपा नाच टिपतात आणि परततात. आपले वार्ताहर आतल्या भिंतीपर्यंत गेले, त्याबद्दल त्यांचे मनापासून आभार. पण फोटोखालची ओळ वाचली आणि चहा तसाच निवून गेला. ओळ अशी होती: ‘निरक्षर महिलांनी वारली पेंटिंगने सजवलेली लग्नघराची भिंत.’

त्या ओळीतल्या एका क्रियापदासाठी आणि एका विशेषणासाठी हे पत्र आहे. लांबेल. जागा असेल तर न कापता छापावे ही विनंती.

चौक सजवत नाहीत, रंगवतही नाहीत. चौक लिहितात. फोटोतल्या बायकांना ‘काय करताय?’ एवढे विचारले असते, तरी ‘चौक लिहितोय’ हेच उत्तर मिळाले असते. बोलीत उच्चार जरा वेगळा होईल, क्रियापद हेच. हा शब्द मला कोणत्या ग्रंथात सापडलेला नाही. तो मला एका आठ वर्षांच्या मुलीने शिकवला, आणि मी तिला रागावत असताना शिकवला.

मी मूळची वाई तालुक्यातली. डी.एड. झाले आणि १९८५ साली जिल्हा परिषदेच्या नोकरीत डहाणू तालुक्यातल्या एका पाड्यावर रुजू झाले. तेव्हा पालघर जिल्हा नव्हता, सगळा ठाणे जिल्हाच. दोनशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी. कासा नाक्यापर्यंत एसटी, पुढे जीप मिळाली तर जीप, नाहीतर पायी. मी बावीस वर्षांची होते आणि आपण इथे ज्ञानाचा दिवा घेऊन आलो आहोत अशी माझी पक्की समजूत होती.

पहिल्या वर्षी दसऱ्याला मी मुलांकडून पाटीपूजन करून घेतले. आपल्याकडे पाटीवर सरस्वती काढतात, ती एकाच्या आकड्यांनी. एकाला एक जोडत, वर निमुळती होत गेलेली. लहानपणी आम्ही सगळ्यांनी ती काढली आहे. मी फळ्यावर ती मोठी करून काढली आणि मुलांना म्हटले, बघून काढा. दुसरीतली एक मुलगी बराच वेळ फळ्याकडे टक लावून बसली. मग तिने विचारले, “बाई, ही कुठली देवी लिहिलीत?” मी तिला दुरुस्त केले. लिहिलीत नाही, काढलीत म्हणावे. अक्षर लिहितात, चित्र काढतात. तिने मान हलवली. माझ्याही डोक्यातून ते गेले. आज वाटते, प्रश्न तिचाच बरोबर होता. एकाचे एक असे आकडे मांडून जी देवी उभी राहते, ती काढलेली म्हणायची की लिहिलेली?

पुढे वैशाखाच्या तोंडावर, वार्षिक परीक्षेच्या आधी, तीच मुलगी दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी आली तेव्हा मी कारण विचारले. घरी धाकटे भावंड सांभाळायला कोणी नव्हते, कारण आई दुसऱ्या पाड्यावर गेली होती. कशाला? तर लिहायला. आता प्रवेशाच्या रजिस्टरमध्ये पालकांच्या रकान्यात तिच्या आईच्या अंगठ्याचा ठसा होता, तो माझ्याच समोर उठवलेला. मला वाटले पोरगी थाप मारते आहे. मी आवाज चढवून म्हटले, “तुझ्या आईला लिहिता येतं?” ती घाबरली नाही. म्हणाली, “माझी आई लिहिते. सगळे तिलाच बोलावतात.” मी तिला वर्गाबाहेर उभे केले. खोटे बोलल्याची शिक्षा म्हणून.

संपादक महोदय, त्या शिक्षेचे मला आजही वाईट वाटते. म्हणूनच फोटोखालची ती ओळ मला नुसती उलटून टाकता आली नाही.

त्याच आठवड्यात त्या मुलीची आई शाळेत आली. भांडायला नव्हे, लग्नाला बोलवायला. शेजारच्या पाड्यावर लग्न होते, तिथे बाईंनी यावे असे तिच्या मनात होते. मी गेले. सकाळची वेळ होती. आत शिरल्यावर आधी काही दिसेना, मग हळूहळू भिंत दिसू लागली. कारवीच्या कुडावर शेणमातीचा लेप, वर गेरू. एका वाडग्यात पाट्यावर वाटलेले तांदळाचे पातळ पीठ. बाईच्या हातात बांबूची बारीक काडी, तिचे टोक चावून कुंचल्यासारखे मऊ केलेले. आधी आखणी नाही, सुताची दोरी नाही. तिने एक उभी रेघ ओढली, मग आडवी, आणि बघता बघता तिच्या वीतभर हाताने पुरुषभर उंचीचा चौकोन बांधला.

चौकटीला एकामागून एक पट्ट्या. साखळीची पट्टी, तिरप्या रेघांची पट्टी, ठिपक्यांची पट्टी. हे एकटीचे काम नव्हते. आणखी दोघी सवाशिणी होत्या, एक पट्टी भरत होती, दुसरी पीठ कालवत होती. चौक सवाशिणींनीच लिहायचा हा दंडक आहे. शेजारी धवलेरी बसून गात होती. तिच्या गाण्याशिवाय वारल्यांचे लग्न लागत नाही, ब्राह्मणाची तिथे गरज नसते. तिचे गाणे आणि या बायकांचा हात एकाच चालीने चालले होते. ती थांबली की काडीही थांबायची.

उन्हे कलली तेव्हा मधोमध पालघट आली. भरलेल्या घटाची देवी, झाडाझुडपांची, पोराबाळांची. तिच्या आजूबाजूला मी एकेकावर बोट ठेवून विचारत होते आणि ती बाई हातातले काम न थांबवता सांगत होती. हा सूर्य. हा चंद्र. ही फणी. ही शिडी. हे घोड्यावर नवरानवरी. बाजूला छोटा वेगळा चौक होता, तो देवचौक, त्यात घोड्यावर बसलेला पाच डोक्यांचा पंचशिऱ्या. मी एका खुणेवर दोनदा अडले आणि दोनदा विचारले. तिने दोन्ही वेळा त्याच सुरात सांगितले. वर्गात मी पोरांना अक्षर सांगते तेव्हा माझा सूर इतका शांत नसायचा.

त्या दिवशी संध्याकाळी खोलीवर परतल्यावर मी त्या मुलीच्या शिक्षेचा विचार करत बसले. दुसऱ्या दिवशी वर्गात सगळ्यांसमोर तिला सांगितले की तू खरे बोलली होतीस.

आता मूळ मुद्द्याकडे येते. आपण मराठी माणसे खुणा रेखण्याला किती क्रियापदे वापरतो ते पाहा. माझ्या माहेरी दारात रांगोळी ‘घालत’. पुस्तकात ती ‘काढतात’. नागपूरची माझी जाऊ ती ‘टाकते’, आणि सुरुवातीला मला ते कानाला खटकायचे. पुढे तिच्या हातून चिमटीतले पीठ कसे सुटते ते बघितल्यावर पटले की ती टाकतेच. लग्नामुंजीत पाटाभोवती चौक ‘भरतात’. चंद्रकोर ‘कोरतात’, आडवी चिरी ‘रेखतात’. गौरी घरात येताना पावले ‘उमटवतात’. हातावरचे गोंदण ‘गोंदतात’, त्याला दुसरे क्रियापदच चालत नाही. चैत्रात आई अंगणात चैत्रांगण काढायची. झोपाळ्यातली गौर, शंख, कमळ, गोपद्मे, सूर्य, चंद्र, तुळस, कासव, ठरलेल्या जागी ठरलेली खूण. एखादी राहिली तर ती परत जाऊन भरायची. वाक्यातला शब्द गळावा तसे तिला ते वाटत असणार. तिनेही ‘लिहिले’ म्हटले असते तर ते चुकीचे ठरले नसते, पण आमच्या बोलीत ते क्रियापद तोवर शाईपुरते उरले होते.

उरले होते असे मी म्हणते, कारण ते मुळात शाईपुरते नव्हते. बी.ए. मी नोकरीत असताना बाहेरून केले, संस्कृत घेऊन. मेघदूत वाचताना उत्तरमेघात एका ओळीपाशी मी पुस्तक मिटून ठेवले होते. रामगिरीवरचा, म्हणजे आपल्या रामटेकवरचा, यक्ष ढगाला अलकानगरीतल्या आपल्या घराची खूण सांगतो. दाराशेजारी शंख आणि पद्म दिसतील, त्यावरून ओळख. कालिदासाचे शब्द आहेत ‘द्वारोपान्ते लिखितवपुषौ शङ्खपद्मौ’. लिखित. दारावर शंख आणि कमळ लिहिलेले आहेत. शंख आणि पद्म हे कुबेराचे निधी, म्हणजे ही नुसती वेलबुट्टी नाही, घरावर लिहिलेली समृद्धी आहे. त्याच काव्यात पुढे यक्ष रुसलेल्या पत्नीचे चित्र शिळेवर धातुरागाने, म्हणजे गेरूसारख्या तांबड्या मातीने काढतो. तिथेही क्रियापद तेच: ‘आलिख्य’. तांबडी माती आणि ‘लिख्’ धातू. मला लगेच ती कुडाची भिंत आठवली.

‘लिख्’ म्हणजे मुळात ओरखडणे, रेघ ओढणे. रेघ अक्षराची की आकृतीची, हे त्या धातूने ठरवलेले नाही. उषा-अनिरुद्धाच्या कथेत उषेला स्वप्नातला पुरुष ओळखता यावा म्हणून तिची सखी एकेका राजपुत्राचे चित्र काढून दाखवते. तिचे नाव काय? चित्रलेखा. कीर्तनात ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे, त्या नावात काय दडले आहे ते मात्र कुणी थांबून पाहिले नाही.

घरातले उदाहरणही आहे. बाळ जन्मले की पाचव्या रात्री सटवाई येऊन कपाळावर लिहून जाते, असे आपल्या आज्या सांगत. तिच्यासाठी कोरा कागद आणि लेखणीही ठेवत. ते लेख कोणत्या लिपीत असतात हे कुणी विचारले नाही. लिहिणे म्हणजे जे घडायचे ते खुणेने बांधून ठेवणे, एवढाच त्याचा अर्थ होता. चौकातही तेच होते. दोन माणसांचे पुढचे आयुष्य, त्यांचे पीक, त्यांची पोरे भिंतीवर आधी लिहिली जातात, मग लग्न लागते.

निवृत्त झालेले आमचे एक मुख्याध्यापक आहेत. विद्वान माणूस, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. मी हे सारे त्यांच्यापुढे मांडले तेव्हा ते म्हणाले, “बाई, त्यांच्या बोलीत शब्द थोडे. ‘काढणे’ नाही म्हणून ‘लिहिणे’. तुम्ही त्यात फार अर्थ पाहता.” हे मला मुळीच मान्य नाही. प्रत्येक झाडाला, प्रत्येक भाताच्या जातीला वेगळे नाव असलेल्या माणसांची भाषा गरीब म्हणणे हा आपल्या कानाचा दोष आहे. आणि हे क्रियापद एकट्या वारल्यांचे असते तर एक वेळ मानले असते. बिहारातल्या मिथिलेत लग्नाच्या खोलीच्या भिंतीवर कोहबर, म्हणजे नवरानवरीसाठीचे मंगलचित्र, असतो, तोही बायका लिहितात. त्या कामाला नावच ‘लिखिया’. आमच्या उत्तरेला गुजरातेत छोटा उदेपूरकडे राठवा लोक घराच्या भिंतीवर पिठोरा देवाचे घोडे मांडतात. ते करणाऱ्याला ‘लखारा’ म्हणतात, म्हणजे लिहिणारा. काम पुरे झाल्यावर बडवा, म्हणजे त्यांचा पुजारी, ती भिंत वाचून सगळे देव आले की नाहीत ते पाहतो. बिहारपासून गुजरातपर्यंत एकमेकांना न भेटलेल्या माणसांनी एकच क्रियापद धरून ठेवले असेल, तर ती शब्दांची टंचाई नव्हे. आपण सोडून दिले, त्यांनी जपले.

मिथिला आणि वारली या दोन्हींना जोडणारा एक मराठी माणूसही आहे. भास्कर कुलकर्णी. १९६६-६७ च्या बिहारच्या दुष्काळात अखिल भारतीय हस्तकला मंडळाने त्यांना मिथिलेत पाठवले. भिंतीवर लिहिणाऱ्या बायकांना त्यांनी कागद दिले, म्हणजे त्या कागदातून दोन पैसे यावेत. पुढे सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीला ते आमच्या भागात आले. गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांची ओळख जगाला झाली ती त्यानंतर. लहानपणी आई गेल्यावर मशे यांची वाचा गेली होती, आणि ते मातीत रेघा ओढत बसत. पुढे त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. चौक हे बायकांचे काम. मशे यांनी पुरुष असून काडी हातात धरली, आणि देवीच्या चौकाबाहेरचे सगळे जग, मासेमारीचे जाळे, मुंग्यांचे वारूळ, तारपा वाजवणाऱ्याभोवतीचा फेर, कागदावर आणि कापडावर आणले.

इथे मला एक भेद करायचा आहे, कारण माझे म्हणणे ताणून नेले जाईल अशी भीती वाटते. कागदावर, कापडावर, विक्रीसाठी जे होते त्याला ‘चित्र काढले’ म्हणा, ‘पेंटिंग’ म्हणा, माझी काहीच हरकत नाही. डहाणूची तरुण मुले स्वतःही तसेच म्हणतात. त्यांच्या पोटाचा तो व्यवसाय आहे. २०१४ साली वारली चित्रांना भौगोलिक मानांकन मिळाले तेही त्या चित्रांसाठी, आणि ते मिळायलाच हवे होते. कपबशीवर, ओढणीवर, मुंबईच्या पुलाखालच्या खांबांवर त्रिकोणी माणसे नाचतात, त्याला ‘सजवले’ म्हणणेही बरोबरच आहे. खांब सजवला जातो. पण लग्नघराची आतली भिंत सजवली जात नाही. तिथे बायका पालघटेला बोलावतात. रंगकाम करणाऱ्या माणसाला मी आजवर कुणाला बोलावताना पाहिलेले नाही.

आता ते विशेषण. ‘निरक्षर.’

हा शब्द मी स्वतः किती वेळा लिहिला असेल, मोजदाद नाही. रजिस्टरमध्ये ‘पालकाचे शिक्षण’ असा रकाना होता आणि मी खाली खाली ‘निरक्षर’, ‘निरक्षर’ असे भरत गेले. आकडेवारीला तो रकाना लागतो, हे मला कळते. वाचता येत नसेल तर काय होते हेही या भागाने भोगले आहे. माझ्या आधीच्या पिढीपर्यंत इथे ‘लग्नगडी’ होते. लग्नाला पैसे नाहीत म्हणून वारली सावकाराकडून कर्ज काढायचा, कागदावर अंगठा द्यायचा, आणि नवराबायको दोघेही वर्षानुवर्षे त्याच्याकडे राबायची. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्यासोबत इथले आदिवासी १९४५ साली उठले तेव्हा ती वेठ मोडायला सुरुवात झाली. कागदावर काय लिहिले आहे ते न कळणे म्हणजे काय, हे या लोकांना आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे. म्हणूनच तर ती बाई आपल्या मुलीला शाळेत धाडत होती. अक्षर आलेच पाहिजे. त्यासाठी मी छत्तीस वर्षे घालवली आणि त्यातला एक दिवसही वाया गेला असे मला वाटत नाही.

पण जरा विचार करा. त्या काळी एकाच लग्नात आतल्या भिंतीवर बाई दिवसभर लिहीत होती आणि बाहेर सावकाराच्या कागदावर तिच्या माणसाचा अंगठा उमटत होता. सावकाराच्या कागदाच्या हिशेबाने ती निरक्षर. तो हिशेब फोटोखाली छापायची गरज आपल्याला का पडावी? ती चौकापुढे बसलेली असताना? गवयाच्या फोटोखाली ‘पोहता न येणाऱ्या गवयाने’ असे कोणी छापत नाही. आपल्या वार्ताहरांचा हेतू वाईट नव्हता, उलट ‘शाळेत न जाताही केवढी कला’ असे कौतुकच त्यांना करायचे असणार. मीही १९८५ साली अशीच कौतुक करत होते.

त्या मुलीचे पुढे काय झाले ते सांगते. चौथी झाली, मग आश्रमशाळेत दहावीपर्यंत शिकली. आज अंगणवाडीत सेविका आहे. रोजची हजेरी, वजनाचे तक्ते, पोषण आहाराच्या नोंदी, आता मोबाइलवरचीही माहिती, सगळे तीच भरते. तिचे वडील गेले तेव्हा आईच्या हातातली काडी सुटली, कारण सवाशीण राहिली नाही. हा दंडक मला कधीच आवडला नाही आणि मी तसे तिच्या आईला बोलूनही दाखवले. ती म्हणाली, लिहिता येत नाही, सांगता तर येते. तेव्हापासून ती चौकाशेजारी बसते आणि सांगते. लिहिते मुलगी.

मी २०२१ साली निवृत्त झाले, वाईला परत गेले नाही, डहाणूतच घर केले. गेल्या वर्षी त्या मुलीच्या मुलाचे लग्न झाले. पत्रिका डहाणूच्या छापखान्यातली, वर संगणकाने उठवलेला वारली फेर. ती घेऊन ती स्वतः आली. पत्रिका हातात देताना म्हणाली, “बाई, लग्नाला नका येऊ नुसत्या. आदल्या दिवशी या. चौक लिहायचा आहे.”

मी गेले. घर आता सिमेंटचे आहे, पण एका भिंतीला मुद्दाम शेणमातीचा लेप देऊन गेरू लावला होता. म्हातारीला आता फारसे दिसत नाही. मुलगी पट्टी संपवायची आणि थांबायची. मग म्हातारी हात पुढे करायची, भिंतीला न लावता, वाळत आलेल्या रेघेच्या जवळून बोट फिरवायची आणि म्हणायची, फणी राहिली. खरेच राहिलेली असायची.

संपादक महोदय, इतके सांगून मागणे दोनच गोष्टींचे. दुरुस्ती छापाल तेव्हा ‘सजवलेली’ काढून ‘लिहिलेला’ करा. पूर्ण ओळ अशी होईल: ‘लग्नघराच्या भिंतीवर सवाशिणींनी लिहिलेला चौक.’ शब्द तुमच्या ओळीपेक्षा कमीच आहेत, जागेची अडचण यायची नाही. आणि ‘निरक्षर’ गाळा. पुढच्या वेळी त्या बायकांची नावे त्यांना विचारून, त्यांच्या परवानगीने छापता आली तर फारच बरे. चौक कुणी लिहिला हे पाड्यावर सगळ्यांना माहीत असते.

आपल्या वार्ताहरांना येत्या वैशाखात पुन्हा इकडे यायचे असेल तर मी सोबत येईन. सकाळी लवकर यावे लागेल, पीठ वाटायच्या आत.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
डहाणू, जि. पालघर